एकबटण्याचं दुसरं बटण

एकबटण्यानं घरच्या डब्याला चोरून दुसरं बटण लावलंय, आणि शोरूमवाल्यानं त्याला आतून फोडलाय, ही बातमी मला न्हाव्याच्या खुर्चीत कळली. गालांना साबण, गळ्याशी वस्तरा. विचारायचं होतं पुष्कळ, पण तोंड उघडायची सोय नाही. दाढी आटोपून बाहेर पडलो आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी मी सात जणांना सांगितली. प्रत्येकाला बजावलं, की बाबा, तुझ्यापाशीच ठेव.

परक्या माणसाला वाटेल, एका बटणाचं ते काय एवढं? पण दारूबंदीवर भाषणं ठोकणाऱ्याच्या खिशात चपटी सापडली, तर बाटलीचा आकार कोण बघतं? त्यासाठी आधी माणूस समजून घ्यायला हवा.

रेकॉर्डच्या सुईतून जो आवाज निघतो, तो मुंगीनं कुजबुजावं इतका बारीक असतो. तो तसाच स्पीकर हलवणाऱ्या मोठ्या यंत्राकडे पाठवला, तर यंत्र त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही. म्हणून मध्ये एक डबा लागतो. तो त्या आवाजाला खाऊपिऊ घालून जरा अंगानं भरवतो आणि मग पुढे धाडतो. त्याचं खरं नाव प्रीअँप्लिफायर. ते उच्चारेपर्यंत गाणं संपतं, म्हणून आम्ही सगळे नुसतं डबा म्हणतो.

आमचा एकबटण्या हे डबे स्वतःच्या हातानं बनवायचा. घराच्या तळमजल्यावर दुकान, दुकानात एक लांबलचक टेबल, टेबलावर सोल्डरचा धूर आणि धुरामागे तो. चष्मा कपाळावर चढवलेला आणि दोन्ही हात टेबलावर चष्माच शोधताहेत. डबा म्हणजे राखाडी पत्रा, मागे तारा खोचायची भोकं, आणि पुढे एकच बटण. आवाज लहान-मोठा करायचं. संपलं.

"आवाज जाड-बारीक करायचं बटण नाही?" गिऱ्हाईक विचारायचं.

"गाणाऱ्यानं जाड-बारीक करूनच गायलंय. तुम्ही कशाला त्यात हात घालता?"

"बरं, डावं-उजवं कमी-जास्त करायचं?"

"खुर्ची सरकवा."

त्याचं म्हणणं असं, की आवाजाच्या वाटेत जितकी बटणं तितके जकातनाके. प्रत्येक नाक्यावर थोडा माल कमी होतो. लग्न त्यानं केलं नाही. त्याची थोरली बहीण म्हणायची, "बरंच झालं. सासू जरा मोठ्यानं बोलली असती, तर यानं तिचं मागचं झाकणच उघडलं असतं."

ही थोरली बहीण म्हणजे आक्का. साऱ्या गल्लीच्याच आक्का. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडे वरच्या मजल्यावर राहायला आल्या. एकबटण्याच्या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे आक्कांचा कान. तयार झालेला प्रत्येक डबा आधी वर जायचा. आक्का हेडफोन चढवायच्या, डोळे मिटायच्या, एक आख्खी बाजू ऐकायच्या. मान हलली की डबा खोक्यात. नाही हलली की पुन्हा टेबलावर. एकबटण्याकडे मोजायचं मीटर होतं, चांगलं होतं, पण तो म्हणायचा, "मीटर आपलं पोटापुरतं. खरं काय ते कान सांगतो."

आणि समोरच्या मोठ्या रस्त्यावर शोरूमवाला. काचेचा दरवाजा, आत गारवा, आणि गालिच्यावर ठेवलेले परदेशी डबे. एकेकाला बारा-बारा बटणं आणि मध्ये निळा दिवा. किंमत अशी, की तेवढ्यात माणूस घराला रंग लावून वर छप्पर बदलून घेईल. आमची दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर रेकॉर्ड ऐकायची बैठक असते. तिथे एकदा या दोघांची जुंपली. दोन्ही डब्यांवर चादर टाकली, आणि कुठला चांगला ते सांगा म्हणाले. आम्ही सगळ्यांनी एकमतानं शोरूमचा निवडला. मी तर सगळ्यात आधी.

आक्का म्हणाल्या, "त्याचा आवाज जरा चढा ठेवलाय, एवढंच. उतरवा केसभर."

केसभर उतरवला. मग कुठला कोणता, कुणाच्या बापाला कळेना.

शोरूमवाला म्हणाला, "तुमच्या लक्षात येत नाहीये आक्का, आमच्या आवाजाला खोली आहे."

"मग भाड्यानं द्या," आक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या मेकॅनिकला एकबटण्या हे नाव पडलं, आणि ते तो पदकासारखं मिरवू लागला.

आता त्या घरातली एक रेकॉर्ड सांगायला हवी. आक्कांचे यजमान व्हायोलिन वाजवायचे. साथीला. साथ करणाऱ्यांचं नाव रेकॉर्डच्या पाकिटावर छापत नाहीत, तसं यांचंही कुठे छापलेलं नाही. पण एका मोठ्या गायिकेच्या एकाच रेकॉर्डवर ते आहेत. रेकॉर्डिंगवाल्यानं बाईंना उजवीकडे उभं केलं होतं आणि यांना डावीकडे, खिडकीशी बसवलं होतं. त्या काळी दोन बाजूंचा आवाज नवा होता, तेव्हा सगळं असं सरळ वाटून टाकायचे, वाटणी केल्यासारखं. हेडफोन लावला की बाई उजव्या कानात आणि हे डाव्या. जेवण झाल्यावर खाली भावाचं ड्रिल मशीन घुंई करत असायचं, म्हणून वर स्पीकर ठेवलाच नव्हता, आक्का हेडफोन लावून बसायच्या. आम्हाला वाटायचं, आक्का गाणं ऐकतात. गाणं कसलं? नवऱ्याशेजारी तासभर बसून यायच्या.

एका दुपारी त्यांनी जिन्यावरून हाक मारली.

"अरे, ऐकलंस का? भावोजी वाजवायचे थांबले तुझे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई एकट्याच गाताहेत. डावीकडून काही येत नाही."

एकबटण्या वर गेला, हेडफोन कानाला लावला. व्हायोलिन अगदी नीट वाजत होतं. तसं तो म्हणालाही. आक्कांनी पुन्हा लावून बघितला.

"नाही रे. मागे थोडीशी खरखर आहे, ती बाईंच्याच बाजूची. व्हायोलिन नाही."

दुसऱ्या कुणी मेकॅनिकनं काय केलं असतं? डब्यात दोष नाही म्हटलं असतं आणि चहा पिऊन खाली आला असता. पण हा माणूस पंचवीस वर्षं आक्कांच्या कानावर जगला होता. त्या कानानं नाही म्हटलं म्हणजे नाही. मग स्वतःला ऐकू येतं त्याचं काय? तर तो मला नंतर म्हणाला, "मला ती रेकॉर्ड तोंडपाठ. डबा बंद असता तरी मला व्हायोलिन ऐकू आलं असतं." मीटर लावलं. दोन्ही बाजूंचे काटे जुळ्या भावांसारखे बरोबरीनं हलत होते. "मीटरला काय कळतंय!" म्हणून मीटर बाजूला ठेवलं.

चार महिने. चार महिने तो माणूस त्या डब्याच्या मागे लागला होता. तारा बदलल्या. सोल्डरचे सगळे जोड उखडून पुन्हा केले. सुई बदलली. आतला एकेक भाग काढून नवा घातला. शेवटी जुनं असं त्यात पत्रा आणि बटण तेवढं राहिलं. प्रत्येक वेळी जिना चढायचा, आणि प्रत्येक वेळी आक्का डोळे मिटून ऐकायच्या आणि मान नाही म्हणून हलवायच्या. तिसऱ्या कुणाला बोलावून "तुला येतंय का ऐकू?" एवढं विचारलं असतं तरी निकाल लागला असता. पण आपल्या डब्यात खोट निघाली, हे गल्लीला कळायला नको! आणि गल्लीला कळायला नको म्हणजे मला कळायला नको, हे मी ओळखून आहे.

मग एक दिवस आक्कांनी हेडफोनची तार गुंडाळली आणि खिळ्याला टांगून ठेवली.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "एकदा गेले, आता दुसऱ्यांदा गेले. माणसानं किती वेळा रडायचं?"

त्यानंतर जेवण झालं की त्या खिडकीत बसायच्या आणि रस्त्यावरची माणसं मोजायच्या. एकबटण्या खाली टेबलाशी बसून एका जोडावर तीनतीनदा सोल्डर घालायचा. गिऱ्हाईकाशी भांडणंसुद्धा त्यानं सोडून दिली, तेव्हा मला वाटलं, याला काहीतरी मोठा आजार झालाय.

आता बदलायचं एकच राहिलं होतं, हेडफोन. तोही त्यानं नवा आणला. हवं म्हणून नव्हे, काही करायचं उरलं नाही म्हणून. त्यावर डावं-उजवं लिहिलं होतं, पण तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरात, आणि आक्कांचा चष्मा स्वयंपाकघरात. भावाचं मन राखायला म्हणून त्यांनी तो चढवला. उलटा.

सुई टेकली. आक्का एकदम ताठ बसल्या.

"आले! अरे, आले! वाजवताहेत!"

एकबटण्या जिन्याच्या पायरीवर बसला.

"पण," आक्का इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "बाई कुठे गेल्या?"

तो उठला. त्यानं हेडफोन काढला, सरळ करून पुन्हा त्यांच्या कानांवर ठेवला.

"आता?"

"आता बाई आल्या. हे गेले."

त्यानं पुन्हा उलटा केला.

"आता हे. अरे, काय लपंडाव चाललाय?"

मग त्यानं हेडफोन काढून बाजूला ठेवला. एकबटण्या आक्कांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आक्का, चहा टाकू?" आक्का समोर बघत होत्या. तो उजवीकडे आला आणि तेच तेवढ्याच हळू म्हणाला.

"टाक," आक्का म्हणाल्या. आणि मग, "तू आत्ता तिकडून पण बोललास का रे?"

एकबटण्या चहा टाकायला गेला.

व्हायोलिन बंद पडायच्या थोडंच आधी आक्कांना मोठा ताप येऊन गेला होता. त्यात केव्हातरी डावा कान न सांगता निघून गेला. टेलिफोन त्या उजव्या कानालाच लावायच्या, त्यामुळे कळलं नाही. मी डावीकडून बोललो की उत्तर द्यायच्या नाहीत. मी समजायचो, माझा राग आलाय. कारणंही तशी पुष्कळ होती. कानाच्या डॉक्टरनं दिवा लावून बघितलं, यंत्रं लावली, आणि आतली नस गेलीय, आता काही व्हायचं नाही, असं साफ सांगितलं.

घरी येताना आक्का म्हणाल्या, "म्हणजे तुझा डबा चार महिने ठणठणीत होता."

"हो."

"मीटर सांगत होतं."

"हो."

"आणि तू मीटर सोडून माझं ऐकत बसलास. गाढव आहेस." चार पावलं चालल्यावर म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या कानावर तुझं दुकान चालतं. आणि माझी कुणी कीव केलेली मला चालायची नाही. सांगितलंस, तर याद राख."

यावर उपाय काय? हेडफोन उलटा घातला की नवरा ऐकू यायचा, पण गाणं जायचं. आक्कांनी दोन दिवस तसं करून बघितलं आणि सोडून दिलं. "अरे, साथ कुणाला करताहेत तेच कळत नाही. मध्येच थांबतात, कुणाची तरी वाट बघतात, आणि तिथे कुणीच नाही. बघवत नाही मला." ऐकवत नाही म्हणायचं होतं त्यांना, पण मीही त्यांना दुरुस्त केलं नसतं.

आता गंमत बघा. दोन बाजू एक कशा करायच्या, ते एकबटण्याला मिसरूड फुटल्यापासून ठाऊक होतं. दोन तारा आणि एक खटका. पण ठाऊक असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. जी वस्तू आपल्या घरात येऊच द्यायची नाही असं आपण ठरवतो, ती कशी दिसते हेसुद्धा आपण विसरतो. तो आठवडाभर डोकं धरून बसला. आणि मग एका सकाळी, समोरचं दुकान निघाल्यापासून सतरा वर्षांत पहिल्यांदा, काचेचा दरवाजा ढकलून शोरूममध्ये शिरला.

शोरूमवाल्याला वाटलं, आग लागली.

"सांगा ना," एकबटण्या बारा बटणांच्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "हे एकेक कशाला आहे?"

शोरूमवाल्यानं सांगितलं. हे जाड करायला, हे बारीक करायला, हे घरघर कापायला, हे फक्त दिवा मंद करायला. नवव्या बटणाशी आल्यावर म्हणाला, "हे दोन्ही बाजू एक करतं. फार जुन्या रेकॉर्डसाठी. कुणी हात लावत नाही."

एकबटण्या त्या नवव्या बटणाकडे बघतच राहिला.

"खरं सांगू का?" शोरूमवाला म्हणाला. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यालाही खरं बोलायची लहर आली असावी. "यातली अकरा बटणं मी घरीसुद्धा कधी फिरवलेली नाहीत."

"मग लोक घेतात कशाला?"

"पुढेमागे लागेल असं वाटतं म्हणून."

एकबटण्या "बरं" म्हणाला आणि निघाला. घासाघीस नाही, टोमणा नाही. शोरूमवाला दारापर्यंत आला आणि बघत राहिला. जेवायच्या आत ही भेट अर्ध्या रस्त्याला कळली होती. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी वरच्या मजल्याचा नळ गळू लागला, प्लंबर गेला, आणि त्यानं घरच्या डब्यावर त्या जुन्या बटणाशेजारी एक नवीन बटण बघितलं. प्लंबरचा मेव्हणा म्हणजे आमचा न्हावी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

त्या रविवारी बैठक गच्च भरली. रेकॉर्ड ऐकायला कुणी आलं नव्हतं. आक्का डाव्या टोकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. हल्ली त्या तिथेच बसायच्या, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे.

दातांच्या डॉक्टरनं सुरुवात केली. दात काढायची सवय. "काय मास्तर, घरात बटणं वाढली म्हणे?"

"हो," एकबटण्या म्हणाला. "एक लावलंय."

"कशाला?"

"लागलं."

"म्हणजे एका बटणात भागत नाही?" हे मी विचारलं. आता लाज वाटते, तेव्हा नव्हती वाटली.

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "नाही भागत."

जो हशा पिकला! शोरूमवाल्यानं तर टाळी मागितली. पंचवीस वर्षं ज्यानं आम्हाला एकाच बटणावरून पढवलं, तो भर बैठकीत हरला होता, आणि वर कारण सांगत नव्हता. आक्कांनी एकदाच तोंड उघडलं. "मी लावायला सांगितलं. तुमच्या कुणाच्या घरून वीज घेतलेली नाही." पण तेवढ्यानं कुणी थांबतंय होय? पुढच्या महिन्यात त्याची तीन गिऱ्हाइकं काचेच्या दरवाजातून आत गेली. एकाला तर मीच सोबत घेऊन गेलो होतो.

मला खरं कळलं ते वर्षभरानं, आणि तेही आक्कांनीच बोलावून सांगितलं म्हणून. त्यांच्या उजव्या हाताला बसवलं, चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"आणि आता ऐकू येतात का नीट?" मी विचारलं.

"येतात. दोघंही एकाच कानात. फार गर्दी होते," आक्का म्हणाल्या. "हे आयुष्यभर त्या बाईंपासून चार हात लांब बसून वाजवायचे. आता अगदी मांडीवर बसल्यासारखे वाटतात. पहिल्या दिवशी मी दोनदा सुई उचलली." आणि इतक्या हसल्या, की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला.

"मग आजवर बोलला का नाहीत? तो बिचारा सगळ्यांची बोलणी खात होता."

"मला वाटलं, दोन दिवस हसतील आणि विसरतील. तुम्ही मेले विसरतच नाही. तो माझ्यासाठी गप्प बसतो, आणि मागे लोक हसतात ते मला ऐकू येतं. त्याला एक कान पुरतो." चहा संपवून त्या म्हणाल्या, "तेव्हा आता तुम्हीच पसरवा. बातमी पसरवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. लिहायचं तर लिहा. माझं वय तेवढं घालू नका."

खाली येताना मी दुकानात डोकावलो. एक तरुण जोडपं आलं होतं. महागाचा बारा बटणांचा घ्यावा, की तुमच्याकडचा साधा, असं विचारत होतं. पूर्वी या प्रश्नाला एकबटण्या अर्ध्या वाक्यात उत्तर द्यायचा आणि उरलेल्या अर्ध्यात शोरूमवाल्याचा उद्धार करायचा. आता त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"ऐकणार कोण कोण?" त्यानं विचारलं.

"आम्ही दोघं. आणि हिचे वडील."

"त्यांचं वय काय? ऐकू कसं येतं? बसतात कुठे?"

जोडपं एकमेकांकडे बघू लागलं. डबा घ्यायला आलेल्याला कुणी सासऱ्याच्या कानाची चौकशी करेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. अशानं निम्मी गिऱ्हाइकं पळतात. मी त्याला तसं म्हणालोसुद्धा.

"पळू देत," तो म्हणाला. "मी पंचवीस वर्षं डब्यावरची बटणं मोजली. समोर बसलेल्या माणसाचे कान मोजायचे राहिले."

"मग सगळ्याच डब्यांना ते दुसरं बटण लावून टाक ना."

"कशाला? ज्याला लागतं त्याला लावीन. बाकीच्यांना एकच पुरे." एवढं बोलून तो पुन्हा जकातनाक्यांवर घसरला, आणि मी निघालो.

तर न्हाव्याच्या खुर्चीतल्या बातमीत खरं होतं ते एवढं. एकबटण्यानं घरच्या डब्याला दुसरं बटण लावलं होतं. शोरूमवाल्यानं त्याला फोडलं नव्हतं. ते बटण दाबलं, की डावी आणि उजवी बाजू एक व्हायची. आक्कांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.